विम्याचा डॉक्टर

शहापुरात नवा दवाखाना व्हायचा होता आणि गल्लीतले पंच घरोघर विचारत होते, आधी काय आणायचं? विमा उतरवलेली दोन-चार घरं म्हणाली, मोठ्या पदवीचा डॉक्टर आणा. बाकीची म्हणाली, फुकट औषध द्या. शेजारच्या अक्काताई हसल्या, "विमा असंल त्यांच्या घरी डागदर चालत येतोय, आमच्या घरी नुसता खोकला!"

ते ऐकून नीलाने मनाशी काही ठरवलं. तिचा नवरा मार्तंड कचेरीत कारकून होता. तीन महिने तो खोकत होता, रात्री शेजारी झोपलेली मुलंही जागी व्हायची, पण दवाखान्याचं नाव काढलं की चिडायचा. तिने त्याला विम्याचा अर्ज करायला लावला. त्या निमित्ताने का होईना, कुणी तपासेल तरी.

डॉक्टर आले. मार्तंडच्या पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले, मग कागदावर लिहीत बसले.

"काय झालंय हो यांना? औषध काय देऊ?" नीलाने विचारलं.

"बाई, मी विमा कंपनीचा डॉक्टर. मी औषध देत नाही. काय आहे ते कंपनीला कळवतो."

पंधरा दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. अर्ज नामंजूर झाला होता. कारण लिहिलेलं नव्हतं.

"सुटलो बघ हप्त्यातनं!" मार्तंड खोकत खोकत हसला.

नीलाने पत्राची घडी घातली.

मग बापाच्या शेजारची मुलांची अंथरुणं तिने उचलली आणि स्वयंपाकघरात नेऊन घातली.