फुलसावंगीचा डबा

गाडी पुसदच्या स्टँडात शिरली तेव्हा तानाबाईच्या मांडीवरचा डबा अजून कोमट होता. पुसदला शिकणाऱ्या मोनालीसाठी रोज हा डबा एकटाच येतो, ड्रायव्हरच्या बाजूला बसून. पण आज कंडक्टर नवा होता. सोबत माणूस असल्याशिवाय डबा नेणार नाही, असं त्यानं फुलसावंगीलाच सांगून टाकलं. मग तानाबाईनं बायकांचं अर्धं तिकीट काढलं आणि निघाली. मनातून तिला बरंच वाटलं. त्या निमित्तानं लेकीचं तोंड दिसेल.

खाली उतरली तर मोनाली कुठं दिसेना. एक उंच पोरगा ड्रायव्हरच्या खिडकीतून आत डोकावत होता. तानाबाईच्या हातातली निळी पिशवी दिसताच तो सरळ तिच्याकडं आला.

"मावशी, हा मोनालीवाला डबा ना? द्या इकडं."

"तिनं धाडलं का तुले?"

"ती कायले धाडन? डबा माह्याच हाये. मी ऋतिक, तिच्याच वर्गातला. दिवाळीपासून महिन्यानं लावला." तो हसला. "तुम्हीच का त्या मेसवाल्या मावशी? मोनाली म्हणे, गावातली एक बाई करून देते."

तानाबाईच्या तोंडून ना हो निघालं, ना नाही. ऋतिकनं ते हो धरून घेतलं. पुढचा तास थोड्याच वेळात होता, म्हणून तो तिथंच बाकावर बसला आणि त्यानं डबा उघडला. तानाबाईही शेजारी टेकली.

ज्वारीच्या भाकरी होत्या, पातोडीचा, बेसनाच्या वड्यांचा रस्सा होता, आणि वरच्या खणात एक लाडू.

"हाताले चव हाये हो मावशी तुमच्या," तोंड भरलेलं असतानाच तो म्हणाला. "लाडू तर रूमवरचे पोट्टे मले पुरूच देत नाही."

लाडू खारकेचा होता. मोनालीच्या अंगात रक्त कमी आहे असं दिवाळीत डॉक्टरनं सांगितलं, तेव्हापासून तानाबाई रोज एक घालत होती.

"मंग मोनाली काय खाते?" तिनं विचारलं.

"तिचं काई समजत नाही. म्हणते, मी रूमवर करून खातो. आमाले तर चहा-टोस्टच दिसते. मागच्या हप्त्यात प्रॅक्टिकलमधी चक्कर येऊन पडली ना. मॅडमनं ग्लुकोज पाजलं."

एवढं बोलून तो पुन्हा भाकरीकडं वळला. त्याचा काय दोष? त्यानं मोनालीला महिन्याचे पैसे मोजले होते.

दिवाळीत मोनालीनं खोलीभाड्याला पैसे मागितले होते. शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाची रक्कम बँक परस्पर कॉलेजात भरते, आपल्या हाती काही येत नाही, हे ती पुन्हापुन्हा सांगत होती. तानाबाई करंज्या तळत होती. मागं वळूनही न पाहता ती म्हणाली होती, "कर्ज काढून देलं, घरचा डबा येते. अजून पैसे कायले लागते तुले?" पुढं पोरीनं कधी पैसे मागितलेच नाहीत.

आणि तेव्हापासूनच डबा स्वच्छ परत यायला लागला होता. आधी अर्धी भाकर उरायची, भाजी उरायची. दिवाळीनंतर कणही नाही. माही पोरगी आता धड जेवते, असं तानाबाई गल्लीभर सांगत फिरली होती. ते आठवून तिला आपलीच लाज वाटली.

तिनं फोन लावला.

"जेवली का वं?"

"जेवूनच राह्यली आई," मोनालीचा आवाज आला. "आत्ताच डबा आणला. भाजी मस्त झाली."

शेजारी ऋतिक भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवत होता.

"लाडू खाजो."

"हो, तो शेवटी खातो."

किती सहज बोलली. तीन महिने रोज बोलून जीभ सरावली होती, आणि ती सरावायला कोण कारण, हे तानाबाईला चांगलं कळत होतं. आपण पुसदात आहोत हे तिनं सांगितलं नाही. कॉलेज ऑटोनं दहा मिनिटांवर होतं. पण आत्ता समोर जाऊन उभं राहिलं, तर पोरीला तोंड लपवायला जागा राहणार नव्हती.

"ठेवतो," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

ऋतिकनं लाडू कागदात गुंडाळून खिशात टाकला. नळावर जाऊन डबा घासूनपुसून आणला. पोरगा नीट होता, झाकणाची कडसुद्धा त्यानं पुसली होती.

"उद्यापासून दोन डबे येतीन," तानाबाई म्हणाली. "कंडक्टरचं मी पाहून घेतो. निळ्या पिशवीतला तुह्या. दुसरा मोनालीले नेऊन देजो, ती खाते तोवर बाजूले बसजो."

"पण मावशी, तिच्यापाशी पैसे कुठं..."

"पैसे नाही लागत म्हणजो. जास्तीचा झाला म्हणजो."

"बरं." तो उठला, दोन पावलं गेला आणि परत वळला. "तिनं विचारलं त कोणाचं नाव सांगू?"

परतीची गाडी लागली होती. तानाबाईनं रिकामा डबा पिशवीत घातला आणि पिशवी पोटाशी धरली.

"नाव कायले लागते?" ती म्हणाली. "मेसवालीनं देला म्हणजो."