नदीखालून

“केंग, उजवीकडं वळतोय हं. उंबरा उंच आहे, बघून ये,” थाविन म्हातारा देवळाच्या दारात मोठ्यानं म्हणाला आणि मागून रेटणाऱ्या गर्दीला हातानं थोपवून त्यानं माणूसभर जागा मोकळी ठेवली. त्या जागेतून सात-आठ परदेशी पाहुणे, एक छत्री आणि एक बाळाची ढकलगाडी आत गेली.

त्याच्या बायकोच्या, बुआलाईच्या काखेत मुलाचा सदरा होता, पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेला. बत्तिसाव्या मजल्याच्या परांचीवरून केंग पडला, त्याला आज नऊ दिवस झाले. देह मागेच गावी गेला होता. आईबाप आले होते ते जीव न्यायला. सकाळी त्या इमारतीखाली उदबत्त्या लावून त्यांनी त्याला हाक मारली. आता घरापर्यंत प्रत्येक वळण, प्रत्येक जिना, प्रत्येक नदी त्याला सांगायची. सांगायचं राहिलं, की जीव तिथंच अडतो.

पण म्हाताऱ्यानं आणखी एक काढलं. “तीन वर्षं पोरानं बँकॉकात सिमेंट तेवढं पाहिलं. पाचच्या बसपर्यंत त्याला शहर दाखवू.”

“दमला असेल हो तो. सरळ घरी नेऊ.”

“मेल्यावर कसला दमतोय!”

निजलेल्या सोनेरी बुद्धापुढं म्हाताऱ्यानं मनोभावे हात जोडले आणि हळूच मागं वळून म्हणाला, “केवढा लांब रे, केंग! डोक्याला डास चावला, तर पायाला परवा कळत असेल.”

“पाप लागेल, गप्प बसा!” बुआलाई म्हणाली, आणि नऊ दिवसांत पहिल्यांदा हसली. मग तोंड सदऱ्यात खुपसून तशीच उभी राहिली.

‘पहाटेचं देऊळ’ म्हणतात, ते तेवढं पाहायचं राहिलं होतं. तिकडं जाणाऱ्या होडीसाठीची रांग पार रस्त्यावर आली होती. कुणीतरी म्हणालं, भुयारी गाडीनं जा, एकच ठेसन. म्हाताऱ्यानं लेकाला जिना सांगितला, सरकता जिना सांगितला, गाडीचं दारसुद्धा सांगितलं.

देवळाच्या उभ्या पायऱ्या चढून गेल्यावर बुआलाई थबकली. खाली नदी होती. नदीपल्याड, उन्हात, मघाचं देऊळ.

“अहो, नदी कधी ओलांडली आपण?”

म्हाताऱ्यानं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“खालून,” तो म्हणाला.

“सांगितलंत त्याला?”

तो पायऱ्या उतरायला लागला.

होडीनं अलीकडं परत आले, मघाशी गाडी धरली त्याच ठेसनात खाली उतरले. फलाटावर मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. “केंग! अरे केंग! बापाची चूक झाली रे! इकडं ये, वर जाऊ!”

रखवालदार धावत आला. “काका, कोण हरवलंय? नातू?”

“मुलगा.”

“वय?”

“चोवीस.”

“चोवीस वर्षांचा बाप्या हरवतो होय?” रखवालदार हसला. “फोन लावा की त्याला.”

बुआलाईनं सदरा पुढं केला. पांढरा दोरा पाहून त्यानं टोपी काढली. तोही त्यांच्याच मुलखाचा होता. त्यानं हलक्या आवाजात विचारलं, “कुठल्या डब्यात होता?”

चार-पाच गाड्या आल्या नि गेल्या. चार वाजले. रखवालदारानं लोकांना हटवून भिंतीकडेची हातभर फरशी मोकळी करून दिली. म्हातारा उकिडवा बसला, खिशातून नाणं काढलं. छापा पडला, तर केंग आला.

काटा पडला.

पुन्हा काटा. तिसऱ्यांदाही काटाच. बुआलाई डोळे मिटून, हात जोडून पुटपुटत होती. चौथ्यांदा म्हाताऱ्यानं नाणं तळहातावर झेललं, पाहिलं. काटाच. त्यानं मूठ मिटली.

“आला,” तो म्हणाला.

तिनं डोळे उघडले. “खरं?”

“खोटं कशाला सांगू? हा काय, तुझ्या शेजारीच उभा आहे. धावत आलाय. घामानं निथळतोय नुसता.”

बुआलाईनं खांद्यावरचा पंचा काढला. टाचा उंचावून, आपल्या डोक्याच्याही वीतभर वर, ती हवेत हळूहळू पुसू लागली.

“जरा खाली वाक की रे,” ती म्हणाली.