गंगाळातलं पाणी

पांढऱ्या मगातलं पाणी किंचित पिवळं होतं. पितळेच्या गंगाळात ते कळत नव्हतं. पितळेत सगळंच पाणी पिवळं दिसतं. संजनाने मग खिडकीपाशी नेला, मागे वहीचं कोरं पान धरलं आणि पुन्हा पाहिलं. हा रंग तिच्या ओळखीचा होता. गेल्या नोव्हेंबरात कंपनीच्या लॅबमधल्या तिच्या टेबलावर, एका बाटलीत, हाच रंग होता.

"इंदूबाई, हे पाणी कुठलं?"

"आमच्या विहिरीचं. कंपनीच्या भिंतीमागं हाय ना, ती. टेंपोतनं दोन हंडे आणले." इंदूबाई पदराने हात पुसत म्हणाल्या. "देवाच्या गंगाळात काय टाकीतलं शिळं पाणी घालायचं गं? जिवंत पाणी पायजे. जमिनीतनं आलेलं."

खोपोलीतल्या त्या लहानशा ख्रिस्ती मंडळीने मुलांच्या सुट्टीतल्या बायबलच्या शास्त्रशाळेसाठी हॉलमध्ये मोशेचा निवासमंडप, म्हणजे देवाचा तंबू, उभारला होता. बांबू, चादरी, सोनेरी कागद. दारातून शिरलं की होमवेदी, मग गंगाळ. आत दीपवृक्ष, भाकरींचं मेज, धूपवेदी. शेवटी अंतरपट, आणि त्याच्यामागे कराराचा कोश, देवाच्या आज्ञांची पेटी. पाळक योगेंद्र वेदीपाशी उभे राहून मुलांना सांगत होते, इथे कोकराचा बळी देत, ही वेदी म्हणजे ख्रिस्ताचा क्रूस. पुढचं गंगाळ संजनाकडे होतं. ती केमिस्ट, तेव्हा पाण्याचं तीच बघेल, असं सगळ्यांनी हसत ठरवलं होतं. प्रत्येक मुलाने गंगाळात हात धुवायचे आणि मगच आत जायचं.

मुलं सव्वीस होती.

नोव्हेंबरातल्या त्या बाटलीवर कोणाचं नाव नव्हतं. 'विहीर क्रमांक तीन, भिंतीमागे' एवढंच होतं. पाण्यात विषारी क्रोमियम मर्यादेच्या चोवीसपट निघालं. संजनाने चाचणी तीनदा केली. मॅनेजर म्हणाले, ती विहीर बागेला पाणी घालायची आहे, पीत कोणी नाही, उगाच कागद वाढवू नका. तिने मर्यादेच्या आतला आकडा लिहिला आणि खाली सही केली. त्यानंतर दर सोमवारी ती खरं सांगायचं ठरवून मॅनेजरच्या काचेच्या दारापर्यंत जायची आणि परत फिरायची. नोकरी जाईल. पोलीस येतील. पीत तर कोणी नाही.

"आता गंगाळ," पाळक म्हणाले. "संजना मॅडम सांगतील."

मुलांची रांग तिच्यासमोर आली. तिने हातातला कागद गंगाळाच्या काठावर टेकवला. कागदावर तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: दर्शनमंडपाच्या दारापाशी सेवा करणाऱ्या स्त्रियांनी आपले पितळेचे आरसे दिले, त्यांचं हे गंगाळ घडवलं. आत जाण्यापूर्वी माणसाने स्वतःकडे नीट पाहावं. ती हे वाचू शकली नाही. त्याखालची ओळ तिने वाचली.

"याजकांनी हातपाय धुवावेत, म्हणजे ते मरणार नाहीत."

आवाज तिचा तिलाच परका वाटला. रांगेत पहिली रिया होती, इंदूबाईंची नात. तिने बाह्या वर सारल्या होत्या. बोटांच्या सांध्यांवर ओल्या, लालसर भेगा होत्या. बरेच दिवस न भरलेल्या भेगा. हात बुडवल्याने कोणी लगेच दगावत नाही, हे संजनाला माहीत होतं. पण या भेगा कशाने पडल्या असतील, हेही माहीत होतं. रियाचे हात पाण्यापासून वीतभर राहिले.

संजनाने गुडघ्याने गंगाळाखालचं स्टूल ढकललं.

गंगाळ दणदणत पडलं. पाणी चादरींखालून पार कोशापर्यंत गेलं. मुलं किंचाळली.

"तांबडा समुद्र!" रांगेतला गजा ओरडला.

"मोशेसाठी दुभंगला तसा दुभंगायचा तेवढा राहिला," पाळक म्हणाले आणि सगळा हॉल हसला.

संजनाही हसली. पाणी फरशीवर होतं. कोणाचा हात लागला नव्हता, कोणाला काही कळलं नव्हतं.

"माझा धक्का लागला," ती म्हणाली. "आता नळाचंच भरू या."

"सांडलं तर सांडलं," इंदूबाई चादर पिळत म्हणाल्या. "इतकं काय घाबरतेस गं? पांढरी पडलीस नुसती. घरी विहीर भरलेली हाय. आमी रोजचं तेच पितो. अख्खी आळी पिते."

संजनाला बाटलीचं झाकण फिरल्यासारखं ऐकू आलं. रियाने गळ्यातली, घरून भरून आणलेली पाण्याची बाटली उघडून तोंडाला लावली होती. संजनाने ती हिसकावली. पाणी रियाच्या फ्रॉकवर सांडलं.

"मॅडम, माझं पाणी!"

इंदूबाई हातात ओली चादर घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

"काय झालं गं? पोरीला पाणी पिऊ दे की."

संजनाने बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

"इंदूबाई, तुमच्या विहिरीत विष आहे. मला ते नोव्हेंबरातच सापडलं होतं, आणि पाणी चांगलं आहे असं मी लिहून दिलं. मी खोटं लिहिलं, हे आता मी सरकारी ऑफिसात माझ्या सहीने लिहून देणार आहे."