जाळीवरची फडकी

गजेंद्ररावांच्या आलमबागेतल्या श्रीखंडाच्या दुकानातला फ्रिज पावसाळ्यात क्षणभर थांबेना. विजेचं मीटर नुसतं गरगरत होतं. त्यांनी खापर फोडलं ते शेजारच्या म्हाताऱ्या बहनजींवर. घरी फ्रिज नसल्यामुळे त्या आपलं इन्सुलिन इथे ठेवत आणि दिवसातून दोनदा दार उघडत. “आपके चक्कर में सारी बिजली फुँक रही है,” ते गिऱ्हाइकांदेखत म्हणाले. बहनजी इन्सुलिनची बाटली पदराआड धरून निघून गेल्या. फ्रिज तरीही घरघरतच राहिला. आठवड्याने मेकॅनिकने तो भिंतीपासून ओढला. मागच्या गरम जाळीवर चक्क्याची डझनभर फडकी होती, गजेंद्ररावांनीच वाळत घातलेली. “भाईसाहब, गर्मी निकलेगी किधर से?” तो म्हणाला. ते फडक्यांसकटच बहनजींकडे धावले. बाटली माठात दोऱ्याने सोडलेली होती. “भैया,” बहनजींनी विचारलं, “अब तो फ्रिज ठीक चल रहा होगा?” गजेंद्ररावांनी फडकी पाठीमागे लपवली.