बंद केलेला पत्ता

‘बिबट्या कुठाय’ ही वेबसाइट मी बनवली, तीही नववीत! उसात शिरण्याआधी आमची पळसदेवची अख्खी वस्ती ती उघडते, बिबट्या दिसला तर तिथंच कळवते. आज संगणकाच्या तासाला इंटरनेटच्या एकाच पत्त्यावरून तिच्यावर शेकडो धडका बसायला लागल्या. “सर, साइटवर हल्ला!” “मग अडव की, वाघिणी!” मी तो पत्ताच बंद केला. साइट वाचली, वर्गानं टाळ्या वाजवल्या. फक्त माझ्याच वस्तीतली मुनिरा माझ्याकडं धावत आली. “अगं, आपल्या वस्तीतले, रानातले सगळे फोन एकाच वायफायवर चालत्यात. त्यांचा पत्ता एकच दिसतो. ती आपलीच माणसं हायती.” सगळी एकदम? कशाला? मी आईला फोन लावला. “फडात हाय, जनावरांना उसाचं वाढं गोळा करतीय. तुजी साइट उघडंना, पण सकाळी त्यात काय नव्हतं.” तिच्यामागं आमचा कुत्रा भुंकत होता. “आई, पळ!” म्हणेपर्यंत तो गप्प झाला.