फोटोतला हात

बारामतीतल्या नव्या क्राफ्ट बिअर बारच्या भिंतीवर एक जुना फोटो मोठा करून लावला होता. इंदापूरकडच्या बायका हातभट्टीची मडकी फोडताहेत, आणि सगळ्यांच्या पुढं डोक्यावर दगड उगारलेली एक तरणी बाई. ओवीनं आपल्या आजीला लगेच ओळखलं. “चल, तुझा फोटो दाखवते,” एवढंच सांगून ती जयवंताआजीला घेऊन आली.

फोटोतली बाई हीच, असं ओवीनं सांगताच मालक धावत पुढं आला. “आजी, लोक आल्या आल्या आधी तुमच्यासोबत सेल्फी काढतात.”

आजी टेबलांवरच्या भरल्या ग्लासांकडं बघत राहिली. “हितं ह्येच इकता, आन् वर मलाच भितीवर टांगता व्हय?”

मालक हसला. “ती हातभट्टी होती, आजी. ही क्राफ्ट बिअर आहे.”

ओवीनं मोबाइल काढला. “आजी, फोटोखाली तश्शीच उभी राहा. हात वर कर.”

आजीनं हात खांद्यापर्यंत नेला.

“अजून वर. फोटोतल्यासारखा!”

“त्या सांजंला तुज्या आज्याला प्यायला मिळाली न्हाय, पोरी. त्यानं ह्योच हात पिरगाळून मोडला. तवापासनं एवढाच जातो.”