मोहावरची आमरी

“कळी दिसली का परत आणजो, बाई. त्याच झाडाले बांधजो. अन् एकबी मुळी तोडू नोको. घरात फुलली तं घरातलंच काही मागते थे.”

पोथी वाचता वाचता सुहासिनीताईंच्या कानात झरीच्या धनीबाईचे ते शब्द पुन्हा घुमले. त्यांनी मान वर केली. मागच्या खोलीच्या दारातून आमरीची, त्या रानातल्या ऑर्किडची, दांडी दिसत होती. काल नुसती हिरवी होती. आज तिच्यावर कळ्या होत्या.

झरीच्या रानात, देवाच्या मोहाच्या झाडावरून त्यांच्या नवऱ्यानं, नीळकंठरावांनी, ही आमरी उपटली, तेव्हा धनीबाई ओरडली नव्हती. तिनं फक्त सुहासिनीताईंचा हात धरून मोहाच्या खोडावर ठेवला होता. “आणीन,” त्या म्हणाल्या होत्या.

त्यांनी पोथी मिटून कपाळाला लावली आणि खोलीत गेल्या.

खोली कसली, पांढरकवड्याच्या उन्हात पाळून ठेवलेला पावसाळा. खिडक्यांवर ओली पोती, कूलर अखंड चालू, परातीतल्या पाण्यात विटा. फळ्यांवर नागपूरहून आणलेली ऑर्किडं एका ओळीत. भिंतीवरची काळी बुरशी छतापर्यंत चढलेली. भिंतीलगत वेताच्या खुर्चीत नीळकंठराव, आणि त्यांच्या डोक्यावर, खुंटीला टांगलेल्या लाकडाच्या ढलपीवर ती आमरी.

“पाह्यलं का?” ते म्हणाले आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. छातीत शिट्टी वाजत राहिली. “सारे म्हणत होते, रानातली आमरी घरात फुलत नाही म्हणून!”

“डॉक्टरनं ही खोली बंद करा म्हटलं होतं. अन् मी धनीबाईले शब्द दिला आहे. आज परत नेतो मी ही आमरी.”

“तुझं बरं आहे. सोमवारी महादेव, मंगळवारी गणपती. आता बुधवारी हे झाड!” ते हसले, पुन्हा खोकले. “एकवार फुलू दे. मंग ने तुले न्यायची तिकडं. मीच येतो संगं.”

त्या स्वयंपाकाकडे वळल्या.

दुपारी देवाला नैवेद्य दाखवून त्या परत आल्या, तर नीळकंठराव खुर्चीतच झोपी गेले होते. श्वास आत जायचा. मग बराच वेळ काहीच नाही. मग शिट्टी. वरच्या पहिल्या कळीला चीर पडली होती. आत काही जांभळं दिसत होतं, जिभेच्या टोकासारखं.

त्यांनी ढलपी खुंटीवरून उचलू पाहिली. ती येईना. पेन्सिलीएवढ्या जाड, पांढऱ्या मुळ्या लाकूड सोडून खाली उतरल्या होत्या आणि खुर्चीच्या पाठीत, वेताच्या विणीत शिरल्या होत्या. नेमक्या नीळकंठरावांची मान टेकते तिथं.

सुहासिनीताईंनी मनातल्या मनात जप धरला. ओल्या फडक्यानं भिजवत एकेक मुळी सोडवली. शेवटची काही केल्या सुटेना. त्यांनी पानाच्या डब्यातला अडकित्ता आणला आणि मुळीला धक्का न लावता तिच्याभोवतीचा वेत कापला.

कट्.

नीळकंठरावांचा श्वास थांबला. त्याही थांबल्या. मनातलं नाम अर्ध्यावरच राहिलं. मग शिट्टी वाजली.

त्यांनी खिडक्यांवरची पोती ओढून काढली, तावदानं सताड उघडली. आमरी ओल्या फडक्यात गुंडाळली आणि शेजारच्या मैनाबाईंना हाक मारली.

“यांच्यापाशी बसता का जरा? झरीले जाऊन येतो.”

“बाप्पा! एवढ्या उन्हात? अन् आजबी उपास असंन तुमचा.”

“आजच जा लागते.”

स्टँडवर पोचल्यावर फडकं जरा सरकलं. मुळीसोबत आलेल्या वेताच्या तुकड्यात एक पांढरा केस अडकलेला होता. नीट पाहिलं, तर अडकलेला नव्हता. मुळी त्याच्यावरून वाढत गेली होती. केसाचं एक टोक तिच्या आत होतं.

सुहासिनीताईंनी केस चिमटीत धरला, हलकेच ओढला. मुळी ताणली गेली.

त्यांनी केस सोडून दिला, फडकं नीट लपेटलं, आणि झरीच्या गाडीत जाऊन बसल्या.